नऊ वर्षं न वाचलेला परिच्छेद

सोलापुरातल्या मिशनच्या कॉलेजचं इंग्रजी माहितीपत्रक मी नऊ वर्षं जुळवलं. तिथे काय काय शिकवतात, वसतिगृहाची घंटा कधी होते, ग्रंथालयातून एका वेळी किती पुस्तकं नेता येतात, सगळं ह्या दहा बोटांतून गेलं. आणि नऊ वर्षांत त्यातलं एक वाक्य मला वाचता आलं नाही. मला इंग्रजी येत नव्हतं.

पुण्याहून संपादकांचं पत्र आलं की दिवाळीच्या अंकासाठी छापखान्यातल्या गमती लिहून पाठवा. गमती आहेत, त्याही सांगतो. पण त्या माहितीपत्रकातल्या एका परिच्छेदाबद्दल लिहिल्याशिवाय माझ्याच्यानं दुसरं काही लिहवणार नाही. दिवस गेले की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि निवावा अशी इच्छाही नाही.

संस्थेचं नाव घालत नाही. तिचं अन्न मी खाल्लं आहे. राग आला म्हणून हा खाल्लेलं विसरला, असं कोणी म्हणायला नको.

माझं गाव नातेपुत्याच्या पलीकडे, माळरानात. आम्ही मेंढरंवाले. तिसरीची परीक्षा झाली त्याच आठवड्यात वडिलांनी शाळेतून काढलं. मास्तर सांगायला आले की पोरगं हुशार आहे, राहू द्या. वडील म्हणाले, “मेंढरं मोजण्यापुरतं आलं न्हवं? बास झालं की.” मास्तर गेले. पुढे एका उन्हाळ्यात रोग आला आणि मोजायला मेंढरंच राहिली नाहीत. तोवर मला मिसरूड फुटलं होतं. कुर्डुवाडीपर्यंत चालत आलो, तिथे रेल्वेच्या कारखान्यात कोणी घेतलं नाही, मग आगगाडीत बसून सोलापूर. गिरणीत महिनाभर टिकलो आणि तापानं पडलो, तो नेमका कॉलेजच्या फाटकापाशी.

तेव्हाचे प्रिन्सिपॉल म्हणजे थोरले साहेब. त्यांनी मला स्वतः टांग्यात घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. ताप उतरल्यावर विचारलं, “तुम्हाला वाचता येते?”

म्हटलं, “व्हय जी. मराठी. हळूहळू.”

“पुष्कळ आहे,” साहेब म्हणाले, आणि कॉलेजच्या आवारातल्या छापखान्यात लावून दिलं. दोन महिन्यांनी माझे डोळे बारीक होतात हे पाहून चष्मा करून दिला. तो चष्मा अजून पेटीत आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं की मी तिथे कसा राहत होतो ते कळावं. भीत राहत होतो. गाव लांब, ओळखीचं कोणी नाही, गेलेली शाळा परत येणार नाही, आणि ह्या लोकांनी मला रस्त्यावरून उचललेलं. माझं कपड्यांचं गाठोडं कित्येक वर्षं मी सोडलंच नाही, खुंटीला बांधलेलंच असायचं. कोणी हाक मारली की वाटे, चल म्हणून सांगायला आले. त्यामुळे काम असं करायचो की बोट ठेवायला जागा नको.

छापखाना आतून न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. शिशाचे खिळे असतात, एकेकाच्या टोकाला एकेक अक्षर, तेही उलटं. लाकडी केसेत, म्हणजे उथळ पेटीत, खणच खण, आणि प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळीच्या मापाची लोखंडी पट्टी. उजवा हात खणातून खिळा उचलतो आणि पट्टीत लावतो. ओळीमागून ओळ, पान भरलं की भोवती सुतळी आवळायची, चौकटीत ठोकून बसवायचं आणि यंत्रावर चढवायचं. छापून झालं की तेच खिळे धुऊन एकेक करून परत आपापल्या खणात टाकायचे. ह्याला आम्ही सोडणं म्हणतो. जुळवायचं आणि सोडायचं, यातच कंपॉझिटरचा जन्म जातो.

मला हे शिकवलं फोरमन दाविदमामांनी. मामा नगरकडचे, बापापासून ख्रिस्ती, मिशा पांढऱ्या, बोटं काळी. मराठी जुळवणं शिकवायला त्यांनी वर्ष घेतलं, कारण काना, मात्रा, जोडाक्षरं, सगळ्यांचे खण वेगळे. इंग्रजी मात्र दोन महिन्यांत. म्हणाले, “खण थोडके हायेत. समोरच्या कागदावर जसं दिसतं तसलाच खिळा उचल. अर्थाच्या नादाला लागू नको.”

“मामा, पण वाचता आलं तर बरं न्हवं का?”

“वाचणारा चुकतो,” मामा म्हणाले. “त्याला वाटतं पुढं हे आसंल, आन् त्याच्या मनातलं लावून बसतो. तू वाचू नको, जुळव.”

आणि खोटं नव्हतं ते. माझ्या इंग्रजीच्या प्रुफात चुका निघत नसत. तर्कशास्त्राचे एक प्रोफेसर होते, ते स्वतःचा स्वल्पविराम एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी नेत, पुन्हा तिसऱ्या जागी, आणि पाचव्या प्रुफात पहिल्या जागी आणून ठेवत. तेसुद्धा म्हणायचे, “बिरूच्या हातची चूक मला आजवर सापडली नाही.” मला त्याचा लई अभिमान. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कारण माझ्या अडाणीपणाला त्या संस्थेत किंमत होती. परीक्षेचे पेपर फक्त माझ्याकडे येत. मामांना इंग्रजी थोडं येतं म्हणून ते त्यांच्याकडेही नाहीत. परीक्षेच्या आधी आठवडाभर मी एका खोलीत, दाराला आतून कडी, बाहेर शिपाई. जेवायला बाहेर पडलो की पोरं घेरायची. बी.ए.चा एक जाडा विद्यार्थी पानाचा विडा पुढे करून म्हणायचा, “बिरूभाऊ, काय आलंय ते सांगू नका. नुसतं कुठल्या कवीवर आलंय तेवढं सांगा.”

मी म्हणायचो, “कवी वळकत न्हाय बाबा. पन ती वाटोळी, मधी काडी आसलेली अक्षरं हायेत न्हवं, ती लई आल्यात औंदा. तेवढा अब्यास करून जा.”

सगळे हसायचे, मीही हसायचो. ह्या माणसापासून पेपर फुटायची भीती नाही, कारण ह्याच्या डोक्यात काही शिरतच नाही, असा तो विश्वास होता, आणि मी तो पदकासारखा छातीवर लावून हिंडत होतो.

कॉलेज कसं होतं ते सांगितलं पाहिजे. काळ्या दगडाची इमारत, मधोमध प्रार्थनेचं मंदिर, भोवती लिंबाची झाडं. सोलापूरच्या उन्हात शहर भाजून निघत असताना त्या आवारात शिरलं की दोन अंश गार वाटायचं. धंदा तिथे शिकवत नसत. भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, वनस्पती, तारे, गाणं, असं सगळं थोडं थोडं. थोरले साहेब म्हणत की आम्ही कारकून तयार करत नाही, पुरता माणूस तयार करतो. दुपारी पेटीवर गाणं सुरू झालं की आमच्या छापखान्यापर्यंत ऐकू यायचं आणि माझा हात आपोआप त्या तालावर चालायचा. खरं सांगतो, चांगली जागा होती. वाईट जागा असती तर राग कशाला आला असता.

ह्या कॉलेजची दोन माहितीपत्रकं निघत. एक मराठी, चार पानांचं, इथल्या लोकांना वाटायला. ते मी जुळवायचो आणि वाचायचोही. दुसरं इंग्रजी, चांगलं पुस्तकासारखं जाड, वर मंदिराचं चित्र. ते समुद्रापलीकडे जायचं, जिथून कॉलेज चालवायला मदत येई त्या लोकांकडे. इंग्रजी पत्रकातला पुष्कळ मजकूर दरसाल तोच. म्हणून छापल्यावर त्याचे खिळे सोडायचे नाहीत, पानं तशीच सुतळीनं बांधून फळीवर ठेवायची. त्याला आम्ही उभं मॅटर म्हणायचो. पुढच्या साली बदललेल्या ओळी तेवढ्या नव्या जुळवायच्या, बाकी पान उचलायचं आणि यंत्रावर. उभ्या मॅटरचं प्रूफही कोणी वाचत नाही. एकदा बरोबर ठरलं ते कायमचं बरोबर, असा सगळ्या छापखान्यांचा नेम आहे.

मी लागलो त्याच साली, तीन महिन्यांत, थोरले साहेब आजारी पडून मायदेशी गेले. निघायच्या दिवशी छापखान्यात आले. माझ्या पाठीवर हात ठेवून मामांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मामा म्हणाले, “येस सर.” साहेब गेले. त्यांच्या जागी नवे साहेब आले.

आता तो दिवस. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदलं वर्ष. माहितीपत्रकाचं नववं पान मी फळीवरून उचलून यंत्राकडे निघालो आणि वाटेतच सुतळी तुटली. उंदरानं कुरतडली होती. पान मधून फुटलं आणि एक अख्खा परिच्छेद फरशीवर सांडला. कंपॉझिटरला ह्याहून मोठी लाज नाही. मी मागच्या सालचं पुस्तक समोर ठेवून तो परिच्छेद खिळ्याला खिळा लावून पुन्हा उभा केला. आणि नव्यानं जुळवला म्हणजे नेमाप्रमाणे त्याचं प्रूफ वाचणं आलं.

त्या वर्षी प्रुफं वाचायला नरसय्या नावाचा विद्यार्थी होता. पूर्वेकडच्या पेठेतल्या विणकरांचा मुलगा, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि इंग्रजीत पहिला. तो पेन्सिल घेऊन वाचायला बसला. अर्ध्यावर थांबून माझ्याकडे पाहायला लागला.

“बिरूभाऊ, तुम्ही कुठल्या वर्गात बसता हो?”

“थट्टा करतो का गरिबाची?”

“थट्टा नाही की. ह्यात तुमचं लिहिलंय.”

मला वाटलं, चूक निघाली. म्हटलं, “वाच.”

त्यानं मराठीत सांगितलं. सांगितलं ते असं. ह्या संस्थेत काम करणारा कोणीही, माळी असो, स्वयंपाकी असो, छापखान्यातला असो, कोणत्याही जातीचा, ज्याची शाळा लवकर सुटली, त्याला कामाच्या वेळातले दोन तास रोज शिकायला मिळतात. खालच्या इयत्तेपासून थेट कॉलेजपर्यंत. फी नाही. आमचे कामगार आमच्या विद्यार्थ्यांशेजारी त्याच बाकावर बसतात, आणि आम्हाला ह्या गोष्टीचा इतर सगळ्या गोष्टींपेक्षा अधिक अभिमान वाटतो.

“पुन्हा वाच,” मी म्हणालो.

त्यानं पुन्हा वाचलं.

“बसतील आसं हाय का बसतात आसं हाय?”

“बसतात. आज, आत्ता बसतात असं आहे.”

तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मी फळीवरची जुनी पुस्तकं काढली. मागच्या सालचं, त्याच्या मागचं, अशी माझ्या हातची सगळी. अक्षरं मला ओळखीची होतीच, नुसती ताडून पाहिली. प्रत्येकात तोच परिच्छेद. मराठी पत्रक काढलं. ते मी वाचत होतोच. त्यात अशी एक ओळ नव्हती.

नऊ वर्षं मी लोकांना छापून सांगत होतो की मी शिकतो आहे. माझ्याच हातानं. एकही चूक न करता.

नरसय्या तासाला गेला. मामा यंत्राला तेल घालत होते. मी प्रूफ त्यांच्यापुढे धरलं.

“मामा, हे तुमाला ठावं व्हतं?”

मामांनी ते घेतलं नाही. म्हणाले, “व्हतं.”

“थोरले साहेब जायच्या दिवशी तुमाला काय म्हणले?”

मामा रॉकेलच्या चिंधीनं बोटं पुसत राहिले. ती बोटं पुसून कधीच स्वच्छ होणार नव्हती. “म्हणले, जूनपासनं ह्याला वर्गात बसव.”

“मग?”

“मग जून आला.”

मामाच बोलत राहिले. थोरल्या साहेबांच्या वेळी वर्ग खरोखर चालत होता, मामा स्वतः दोन वर्षं बसले होते, तिथेच थोडं इंग्रजी शिकले. बरोबर एक स्वयंपाकी होता. मोठ्या घरच्या पोरांच्या बापांनी तक्रारी केल्या की आमच्या मुलाशेजारी भाकऱ्या थापणारा बसतो. थोरल्या साहेबांनी त्या फाडून टाकल्या. नवे साहेब आल्यावर वर्ग बंद झाला. परिच्छेद उभा होता, तो उभाच राहिला.

“आन् तुमी मला बोलला न्हाय.”

“काय बोलणार? तू नवा, भेदरलेला. वर्गात गेला आसता तर इंग्रजी पानं कुणी वढायची? पेपर कुणी जुळवायचे? आन् तुझं पोट भरत व्हतं की, बिरू.”

पोट भरत होतं. हे वाक्य मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. ज्याला तुम्हाला काही द्यायचं नसतं तो तुमच्या पोटाकडे बोट दाखवतो.

मामांवर त्या दिवशी मी रागावलो, तसा वडिलांवरही कधी रागावलो नव्हतो. वडिलांनी शाळेतून काढलं ते निदान तोंडावर सांगून.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रूफ घेऊन नव्या साहेबांच्या ऑफिसात गेलो. त्या दारातून मी ह्याआधी फक्त पाकिटं द्यायला गेलो होतो. नवे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. माळ्यालाही तुम्ही म्हणत. पुस्तकातून शिकलेली त्यांची मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होती.

मी प्रूफ टेबलावर ठेवलं. “साहेब, ह्यातला ह्यो भाग खरा हाय का?”

साहेबांनी पाहिलं. “हा मजकूर तुम्हाला कोणी वाचून दाखविला?”

मी नरसय्याचं नाव घेतलं नाही. म्हटलं, “खरा हाय का, साहेब?”

“ते आमचे ध्येय आहे, बिरू.”

“मग मराठीत का न्हाय छापत?”

साहेब म्हणाले, “मराठीत छापिले तर सर्वच येतील.”

“यावं म्हणूनच लिहिलंय न्हवं?”

“वर्ग मर्यादित असतात. सर्वांना सर्व काही देता येत नाही. आणि तुमचेच पाहा. तुमच्यावर आम्ही केवढा विश्वास टाकितो. परीक्षेचे सर्व कागद तुमच्या हाती देतो. तुम्हाला इंग्रजी येऊ लागले तर ते काम तुम्हाला देता येईल काय?”

आजही मी ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहतो. चांगलं वागल्याबद्दल अडाणी राहण्याचं बक्षीस.

मी म्हटलं, “साहेब, मी आता तिशीला आलो. मला काय बी.ए. व्हायचं न्हाय. दोन तास बसू द्या. न्हायतर हे पुस्तकातनं काढा.”

साहेबांनी चष्मा काढला. आवाज मऊ केला. “ह्या संस्थेने तुम्हाला रस्त्यावरून उचलिले, औषध दिले, काम दिले. तुम्ही कृतज्ञ असावयास पाहिजे.”

मी कृतज्ञ होतोच. नऊ वर्षं दुसरं काय होतो मी? गाठोडं बांधून ठेवणारा, हाकेला दचकणारा. पण ज्यांनी मला उचललं ते थोरले साहेब, आणि त्यांनीच तो परिच्छेद लिहिला होता. ज्यांनी तो बंद केला ते मला त्यांच्या उपकाराची आठवण देत होते. मी “बरं जी” म्हणून बाहेर आलो. “बरं जी” म्हणायची सवय तोंडाला होती, तिचाही राग आला.

छापखान्यात आलो. नववं पान दगडावर, म्हणजे पानं बांधायच्या सपाट फरशीवर, तयार होतं. मी सुतळी सोडली, तो परिच्छेद बाहेर काढला आणि एकेक खिळा त्याच्या खणात टाकायला लागलो. पान तासाभरात यंत्रावर चढायचं होतं. दाविदमामा पाहत होते. आमच्या धंद्यात, छापण्याआधी मॅटर सोडणारा वेडा समजला जातो. मी घाई केली नाही. जुळवताना जेवढं सावकाश जुळवलं होतं, तेवढंच सावकाश सोडलं. मोकळ्या जागेत कोरे खिळे भरले, ज्यांच्यावर अक्षर नसतं आणि ज्यांना शाई लागत नाही. पान मापाला बरोबर बसलं. मधोमध बारा ओळींची पांढरी जागा.

यंत्रावर चढवायच्या आधी पानावर फोरमनची सही लागे. मी पानाचं प्रूफ काढून मामांपुढे ठेवलं. मामांनी ती पांढरी जागा पाहिली. म्हणाले, “हितं मजकूर ऱ्हायलाय.”

“ऱ्हायला न्हाय, मामा. सोडला.”

“साहेबांनी सांगितलं?”

“न्हाय.”

मामांना पेन्शनीला वर्ष राहिलं होतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक जिभेला लावलं आणि सही केली. मग स्वतः जाऊन चौकटीच्या पाचरी ठोकल्या. मी त्यांना माफ केलं का? पुरतं नाही. पण ती सही मी विसरलो नाही.

पुस्तकं बांधून डाकेला गेली. साहेबांनी पाहिलं तेव्हा ती मुंबईच्या बोटीवर होती. मला बोलावलं. म्हणाले, “तुम्ही विश्वास मोडलात.” मी म्हटलं, “साहेब, त्या पुस्तकात नऊ वर्षांत म्या पहिल्यांदा खोटं न्हाय छापलं.” त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. महिनाअखेर जायला सांगितलं आणि दाखला दिला. नरसय्यानं वाचून सांगितलं, त्यात लिहिलं होतं की हा माणूस प्रामाणिक असून कामात अत्यंत बिनचूक आहे. मामांना काही झालं नाही. त्यांनी सांगितलं की नजर अधू झाली, दिसलं नाही, आणि साहेबांना ते मानणं सोयीचं होतं.

गाठोडं बांधलेलंच होतं. ते उचलून मी शहरातल्या एका छापखान्यात लागलो, विणकरांच्या लग्नपत्रिका आणि गिरणीच्या पावत्या छापणारा. नरसय्या रोज दुपारच्या सुट्टीत यायचा आणि मला इंग्रजी शिकवायचा. पुस्तक कुठलं घ्यायचं, त्यानं विचारलं. मी जुन्या माहितीपत्रकाचं नववं पान पुढे केलं. माझी इंग्रजीची बाराखडी म्हणजे तो परिच्छेद. सहा महिने लागले, पण मी तो स्वतः वाचला. वाचताना नरसय्या म्हणाला, “आता राग गेला का?” म्हटलं, “आता कुटं कळाय लागला.”

त्या सालच्या शेवटी दाविदमामा एक चुरगळलेलं पत्र घेऊन आले. साहेबांच्या ऑफिसातली रद्दी शाई पुसायला छापखान्यात यायची, त्यात सापडलं. समुद्रापलीकडच्या कोणा बाईचं होतं, थरथरत्या अक्षरातलं. चार शब्द अडले, बाकी मी वाचलं. बाईनं लिहिलं होतं की ह्या वर्षीच्या पुस्तकात कामगारांच्या वर्गाचा मजकूर दिसला नाही, तिथे जागा रिकामी आहे. ते सगळे शिकून बाहेर पडले असावेत असं मी समजते आणि देवाचे आभार मानते.

मी उत्तर लिहिलं. आठ दिवस लागले. बाई, आम्ही बसलोच नव्हतो, एवढाच मजकूर. खाली नाव, आणि नावापुढे कंपॉझिटर. टपालात टाकलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीचं पुस्तक मी मिळवून पाहिलं. परिच्छेद नव्हता आणि पांढरी जागाही नव्हती. मंदिराचं चित्र मोठं केलं होतं.

हे मात्र खुपतं. खोटं गेलं, पण थोरल्या साहेबांचं वचनही गेलं. तो मजकूर तसाच उभा राहिला असता तर एखाद्या दिवशी कोणीतरी वाचणारा तिथे कामाला लागला असता आणि बोट ठेवून म्हणाला असता, हे द्या. मी ती जागा त्यांना पुसून दिली. रागाच्या भरात मी बरोबर केलं का, ह्याचं उत्तर मला देता येत नाही. दुसऱ्यांदा वेळ आली तर पुन्हा तेच करीन, इतकं माहीत आहे.

आता मी फोरमन आहे. माझ्या हाताखाली तिघं आहेत, तिघांची शाळा लवकर सुटलेली. दुपारी अर्धा तास मी त्यांना इंग्रजी वाचायला बसवतो आणि मालक खिडकीतून पाहून न पाहिल्यासारखं करतो. त्यांना सांगतो, वाचून जुळवा. त्यामुळे आमच्या छापखान्यात चुका जास्त निघतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. ती खरी आहे.

हा लेख पुण्याला कुठल्या तरी छापखान्यात जुळवला जाईल. जुळवणाऱ्याला मी ओळखत नाही. त्यानं आत्ता इथवर खिळे लावले असतील आणि पुढच्या खणाकडे त्याचा हात गेला असेल. बाबा, जरा हात थांबव. स्टिक खाली ठेव, आणि वरपासून एकदा वाच.